दाजी वैद्यांच्या ओसरीवर कुणी बसत नसे

एकट्याचं दुखणं असलं की ते नुसतं दुखतं. त्याच दुखण्याची चार माणसं एका ओसरीवर जमली की किस्से सुरू होतात. माळ्यावर अडगळ साठते तसे ते साठतात. कुणी मुद्दाम ठेवत नाही, आणि कुणी टाकतही नाही.

आमची ओसरी कल्याणातल्या दाजी वैद्यांची. दाजी मूळव्याध, भगंदर, रक्त पडणं, कोठा धरणं एवढंच बघत. ताप-खोकला घेऊन कुणी आला तर सरळ सांगत, "वरचं मला कळत नाही. मी खालचा वैद्य!"

ठाण्याहून, कळव्याहून, पार खडवलीहून माणसं येत. आगगाडी सुरू झाल्यापासून जास्तच. फक्त एक अडचण. गाडीच्या लाकडी फळीवर बसून आलेला माणूस घरून निघतानापेक्षा जास्त आजारी होऊन पोचायचा!

मी तेव्हा कल्याण स्टेशनावर टांगा हाकत असे. शिक्षण म्हणाल तर सही येते. पण टांगा कधी उलटला नाही आणि घोडा कधी उपाशी राहिला नाही. हे आधी सांगून ठेवतो.

*

टांगेवाल्याची भाकरी बसण्यावर. आणि मला भगंदर झालं.

काही दिवस एका अंगावर बसून पाहिलं. मग उशी घेतली. मग मी उभा राहिलो. लगाम हातात, पाठ ताठ, टांगा भर बाजारातून चाललेला. दुखायला लागलं की मी आणखी ताठ व्हायचो. कल्याणात बोभाटा झाला, हा माणूस चढलाय म्हणून.

स्टेशनमास्तर एकदा भर फाटकात म्हणाले, "काय रे, लाटसाहेब झालास? उभ्याने टांगा हाकतोस?"

मी म्हटलं, "घोडा नवा आहे मास्तर. तापट आहे. बसून आवरत नाही."

मास्तरांनी घोड्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

घोडा उभ्या उभ्या झोपला होता!

*

दुखणं मी घरात सांगितलं नव्हतं. बायकोने ओळखलं. आमच्या मुलीचं लग्न ठाण्याच्या स्थळाशी ठरलेलं, वैशाखातलं. मुलीच्या बापाला कन्यादानाला पाटावर बसावं लागतं, आणि भटजींना उरकायची घाई कधीच नसते.

बायको म्हणाली, "अहो, मुलगी पाटावर बसून देणार का टांग्यासारखी उभ्याने?"

मी चाबूक पुसायला घेतला.

"दाजींकडे जा."

"असल्या जागेचं दुखणं चारचौघांत सांगू? तुला लाज नाही वाटत बोलायला?"

ती म्हणाली, "मला वाटायची होती ती वाटून झाली."

ह्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी गेलो. वैद्यासाठी नाही, पाटासाठी गेलो.

*

दाजींची पारख वेगळी. नाडी नंतर. नवा माणूस ओसरीवर चढला की म्हणायचे, "बसा."

आणि बघत राहायचे.

कुणी धपकन मांडी घातली तर म्हणायचे, "तुमचं दुखणं दुसरं. दुसरा वैद्य बघा." कुणी हळूच एका बाजूला टेकला तर, "थांबा जरा." आणि कुणी हात जोडून म्हणाला, "नको, उभाच बरा," की लगेच दार उघडून, "या आत!"

मलाही त्यांनी "बसा" म्हटलं. मी म्हटलं, "मी कुणासमोर बसत नाही."

दाजी म्हणाले, "माझ्याकडे येणारे सगळेच असे मानी असतात. या आत!"

त्या ओसरीवर "बसा" हा शब्द दाजींशिवाय दुसरा कुणी काढत नसे. एकदा ठाण्याचे एक नवखे वकील आले. आम्हाला सगळ्यांना खांबाखांबाशी उभे बघून त्यांना वाटलं, आपल्या मानासाठी उभे राहिलो. गहिवरून म्हणाले, "अहो, बसा, बसा ना!"

ज्या नजरेने आम्ही त्यांच्याकडे पाहिलं, ती त्यांनी कोर्टातही पाहिली नसेल.

गावात कुणी सतरंजीवर बसायचं, कुणी पायरीवर, कुणी अंगणात, हे ठरलेलं. त्यावरून डोकी फुटत. दाजींकडे कधी भांडण झालं नाही. बसायचंच नाही, तर भांडणार कशावरून?

*

मामलेदार कचेरीतला एक कारकून यायचा. टापटीप, पगडी सरळ. म्हणाला, "माझ्या एका मित्राला फार त्रास आहे. त्याच्यासाठी औषध न्यायला आलो."

दाजी म्हणाले, "मित्राला घेऊन या. बघितल्याशिवाय देत नाही."

"तो येणार नाही. लाजतो."

"रक्त पडतं का त्याला?"

"पडतं. म्हणजे, पडतं म्हणाला."

"आग होते?"

"फार! काल तर मी... तो रडला."

दाजींनी दार उघडलं. म्हणाले, "तुमची मैत्री दांडगी आहे. त्याच्या वतीने तुम्हीच धोतर सोडा!"

*

दाजींचं पथ्य सोपं. तिखट बंद, ताक चालू, आणि सुरण. आज सुरण, उद्या सुरण. त्यामुळे कल्याणच्या बाजारात सुरण विकत घेणं म्हणजे दवंडी पिटण्यासारखं झालं. बाजारात कळव्याहून होडीने भाजी आणणारी एक बाई होती. आवाज असा की खाडीपलीकडून ऐकू यावा. कुणी सुरणाला हात लावला की ती ओरडायची, "दाजींकडं चाल्लंय जनू!"

एक सावकार होते. आमच्याबरोबर ओसरीवर उभे असायचे, पण बाजारात ओळख दाखवायचे नाहीत. ते सुरण घेताना मोठ्याने म्हणायचे, "घरी पाहुणे आलेत. त्यांना आवडतं."

दुसऱ्या दिवशी परत सुरण. परत पाहुणे. तिसऱ्या खेपेला बाईने सुरण तागडीत टाकलं आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं,

"सावकार, पाव्हनं अजून बसलं न्हाईत का?"

*

भगंदराला दाजी धागा बांधत. निवडुंगाच्या चिकात आणि हळदीत पुन्हा पुन्हा घोळवून सुकवलेला. दुखण्याच्या वाटेतून तो ओवून गाठ मारायची. आठवड्याने नवा ओवायचा. धागा हळूहळू कापत येतो आणि मागून जखम भरत जाते. शेवटी एक दिवस आपोआप गळून पडतो. ज्याचा पडला त्याने ओसरीवर गूळ वाटायचा, अशी आमची रीत.

एक पेन्शनीतले हवालदार होते. पलटणीत होते. दंडावर गोळीची खूण, ती ते सगळ्यांना दाखवत. धागा बांधायच्या दिवशी आम्हाला म्हणाले, "अरे, धाग्याला काय घाबरता? मी गोळी खाल्लेली आहे. हूं की चूं केलं नाही."

आत गेले. दार लागलं. थोड्या वेळाने अशी आरोळी आली की पिंपळावरचे कावळे उडाले.

बाहेर आले तेव्हा मिशा खाली. आम्ही कुणी हसलो नाही. ते खांबाला धरून उभे राहिले, घाम पुसला, आणि म्हणाले,

"काय सांगू! गोळी पुढून येते हो!"

*

एक किस्सा हसण्याचा नाही. पण तो वगळून बाकीचे सांगणं बरं नाही.

खडवलीचे एक पाटील आले. धिप्पाड असावेत, पण सदरा अंगात लोंबत होता. म्हणाले, "मूळव्याध आहे. रक्त पडतं. दोन पावसाळे झाले. घरात कुणाला बोललो नाही."

दाजींनी आत नेलं. रोजच्यापेक्षा फार वेळ लागला. बाहेर आल्यावर दाजींनी स्वतः त्यांचा हात धरला होता.

"पाटील, ही मूळव्याध नाही. हे आतलं आहे. माझ्या हातात नाही. आजच्या आज मुंबईला मोठ्या इस्पितळात जा."

पाटील म्हणाले, "आधी आलो असतो तर?"

दाजींनी त्यांचा हात आणखी घट्ट धरला. मी पाटलांना टांग्यातून स्टेशनवर सोडलं. त्या दिवशी दोघेही उभे होतो. दिवाळीनंतर खडवलीचा एक माणूस ते गेल्याचं सांगून गेला. दाजींनी त्या दिवशी कुणाला तपासलं नाही.

तेव्हापासून दाजी नव्या माणसाला नाव-गाव विचारायच्या आधी एकच विचारत, "किती दिवस लपवलंत?"

*

बायका पुढच्या दाराने येत नसत. दाजींच्या घरच्या काकू त्यांना परसात बघायच्या. दाजींनीच शिकवलेलं. बायका घरी सांगून यायच्या, "काकूंकडे लोणचं घालायला जाते." कल्याणातल्या पुरुषांना वाटायचं, काकूंच्या हाताला चव आहे!

माझा धागा पडला त्या दिवशी मी गूळ वाटला आणि घरी आलो. पाट मांडला. त्यावर बसलो. दोन्ही अंगांवर, नीट. बायको चुलीपाशी होती. ती वळून बघत राहिली.

मी म्हटलं, "माणूस खरा आहे तो. तुला कुणी सांगितलं होतं दाजींचं?"

तिने डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, धूर आहे.

मग म्हणाली, "अहो, धाकटा झाला त्या वर्षी मी सगळा उन्हाळा लोणचं घालायला जात होते. आठवतं?"

मला आठवत होतं.

त्या वर्षी आमच्या घरात लोणचं नव्हतं.

*

आता लग्नाचं.

व्याही ठाण्याच्या मिठागरावरचे मुकादम. उंच, कमी बोलणारे. मांडव आमच्या दारात. दाजी आलेले, हवालदार आलेले, सावकारही आलेले. मी पाटावर बसलो. इतक्या महिन्यांनी चारचौघांत बसलो. समोर व्याह्यांसाठी मानाचा पाट, भोवती रांगोळी.

भटजी म्हणाले, "बसा."

व्याही बसले नाहीत.

माझा मेहुणा धोंडू पुढे झाला. "बसावं, मुकादम." व्याही उभेच. दुसरा पाट आणला, शिसवी. उभेच. त्यावर शाल अंथरली. त्यांनी शालीकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली.

मांडवात कुजबुज सुरू झाली. "व्याही रुसले!"

धोंडू माझ्या कानाशी आला. "भावजी, अंगठी हवी असेल." स्वतःच्या बोटातली काढून त्याने ताटात ठेवली. व्याह्यांनी ती जरा नवलाने घेतली, बोटात घातली, आणि उभेच राहिले!

"आता काय मागतात?"

"घोडा मागतील! टांग्याचा घोडा!"

मुहूर्त जवळ येत चाललेला. वऱ्हाडी चुळबुळ करायला लागले. कुणी म्हणालं, लग्न मोडतंय. आतल्या खोलीत माझी मुलगी मुंडावळ्या बांधून बसलेली, तिच्यापर्यंत ते गेलं. तिचं रडणं मला मांडवात ऐकू आलं.

आणि सगळे माझ्यावर ओरडू लागले. "मुलीचा बाप बसलाय आणि व्याही उभे! उठा आधी! मान कसा राहील त्यांचा?"

सबंध हिवाळा मी ज्या बसण्यासाठी काढला, त्याच्यावरून मला उठवत होते!

माझी बायको पदर खोचून बायकांतून पुढे आली. आयुष्यात पहिल्यांदा पुरुषांच्या मांडवात बोलली. "कुणी उठवू नका त्यांना. बसू द्या."

मी बसल्या जागेवरून व्याह्यांकडे नीट पाहिलं. डाव्या पायावर भार. उजवा हात मांडवाच्या खांबाला. पाठ ताठ. फार ताठ.

मग मात्र मी उठलो. त्यांच्याजवळ गेलो आणि हळूच विचारलं, "किती दिवस लपवलंत?"

त्यांचा चेहरा उतरला. बोटातल्या अंगठीकडे बघत पुटपुटले, "थोरल्याच्या लग्नात पण असंच झालं. मी काही मागत नाही हो. ते बसा म्हणतात, मी उभा राहतो, आणि हे आणून देतात."

मी मान वळवली. दाजी मागे, पानाच्या तबकाशी उभे होते. मी नुसतं बोट केलं. दाजी गर्दीतून पुढे आले. सारा मांडव माना उंचावून बघू लागला. आता हा वैद्य काय समजूत काढतो, म्हणून भटजींनीही पोथी मिटली.

दाजींनी व्याह्यांना नमस्कार केला. म्हणाले, "बसा."

व्याही म्हणाले, "नको. उभाच बरा."

दाजींनी आमच्या कोठीच्या खोलीचं दार उघडलं.

"या आत!"