किनाऱ्यावर न उतरणाऱ्या डॉक्टरबाई

सबंध ब्रिटनमध्ये उत्तरेकडची झाडून सगळी बेटं पाहिलेली आणि त्यातल्या एकाही बेटावर पाऊल न ठेवलेली बाई तेव्हा तरी एकच असेल, आणि त्या बाईंच्या ब्रिस्टलमधल्या घरात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी तीन वर्षं भाड्यानं राहत होते. तिथल्या महाराष्ट्र मंडळात सगळे त्यांना डॉक्टरबाईच म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. कोकणातल्या एका बंदराच्या गावातून विशी-पंचविशीत त्या ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात आल्या, कॅज्युअल्टीत तीस वर्षं काढली, लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या डॉक्टरांनी बागा फुलवल्या, नातवंडं सांभाळली. डॉक्टरबाईंनी एका मासिकाच्या शेवटच्या पानावरची जाहिरात पाहून अर्ज केला. पन्नासेक प्रवाशांचं एक छोटं जहाज उन्हाळाभर स्कॉटलंडच्या वरच्या बेटांमधून फिरत असे. त्यावर पक्ष्यांचे, दगडांचे, इतिहासाचे तज्ज्ञ रोज व्याख्यानं देत. या जहाजाला एक डॉक्टर हवा होता; पगार नाही, पण केबिन आणि जेवण फुकट. तेव्हापासून दर जूनमध्ये त्या जायच्या. कुणी त्याला क्रूझ म्हटलेलं त्यांना खपत नसे. त्या म्हणत, शिबिर.

या शिबिराची तयारी एप्रिलपासून चाले. बोट लागणाऱ्यांसाठी गोळ्या जहाजावर मिळत, पण डॉक्टरबाईंचा भरवसा स्वतःच्या आलेपाकावर. घरभर आल्याचा ठसका, मोठाल्या बिस्किटांच्या डब्यांत वड्यांच्या चळती. पुढे पुढे प्रवाशांना त्याची इतकी चटक लागली, की समुद्र आरशासारखा शांत असतानाही रिटायर्ड बँक मॅनेजर पोटावर हात ठेवून त्यांच्या दारात उभे राहत. व्याख्यानाला त्या पहिल्या रांगेत वही घेऊन बसायच्या. वक्त्यानं काही आकडा सांगितला की मागची वही उघडत आणि तीन वर्षांपूर्वी तुम्ही वेगळा आकडा सांगितला होता, असं अत्यंत नम्रपणे निदर्शनास आणून देत. दगडांचे तज्ज्ञ त्यांना दबूनच असत. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र त्यांचं शास्त्र वेगळं होतं. रंगीत चोचीचा बुटका पफिन म्हणजे काळी शाल पांघरून हळदीकुंकवाला निघालेली बाई, आणि खडकावर पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा म्हणजे पक्षकाराची वाट पाहणारा वकील. कुणी भेटलं की कसं काय म्हणण्याऐवजी त्या सरळ मनगट धरून नाडी बघत. आमच्या पोस्टमनलाही याची इतकी सवय झाली होती की पार्सल देताना तो दुसरा हात आपण होऊन पुढे करायचा.

मी मूळची नागपूरची. सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामावर आले होते. फोनकार्डावर आईशी बोलून झालं की मी जिन्यात बसून रडत असे. एकदा डॉक्टरबाईंनी ते पाहिलं, शेजारी बसून नाडी धरली आणि माझ्यात मिठाची कमतरता असून मला समुद्राची गरज आहे असं निदान केलं. त्यांच्या केबिनमधली दुसरी बर्थ रिकामीच असे. माझी रजा शिल्लक होती. आयुष्यात दोनदाच समुद्र पाहिलेली मी, जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या मागोमाग ट्रेननं, मग बसनं, मग आणखी एका बसनं त्या जहाजापर्यंत पोचले.

रोज सकाळी जहाज एखाद्या बेटापासून थोडं दूर थांबे, आणि आम्ही लाइफ जॅकेटं चढवून रबरी होडीतून किनाऱ्यावर जायचो. डॉक्टरबाई कठड्याशी उभ्या राहून हात हलवत. जहाजाच्या डॉक्टरनं जहाज सोडायचं नसतं, असा नियम आहे, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आम्ही परतलो की दुर्बिणीतून पाहिलेलं सगळं त्या आम्हालाच समजावून सांगत, आणि ते बहुधा आमच्यापेक्षा जास्त भरत असे. तिसऱ्या दिवशी होडी चालवणाऱ्या खलाशाशी बोलताना कळलं, की असा काही नियमच नाही. आधीच्या डॉक्टरचा तर पायच जहाजावर ठरत नव्हता. मी संध्याकाळी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या बराच वेळ दुर्बिणीची काच पुसत राहिल्या.

"अगं, खाली त्या होडीत पाय टाकायचा क्षण असतो ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा धरायला काहीच नसतं. मला नाही जमत ते."

तीस वर्षं रक्तबंबाळ माणसं हाताळलेल्या बाईंना दोन फुटांच्या उडीची भीती वाटत होती.

त्या सफरीत एक स्कॉटिश आजीबाई होत्या, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. पश्चिमेकडच्या एका बेटावर त्यांचा जन्म झालेला. त्या सात वर्षांच्या असताना बेटावरची उरलीसुरली कुटुंबंही मुख्य भूमीवर निघून गेली, आणि तेव्हापासून तिथे फक्त मेंढ्या आणि पक्षी. आजीबाई याआधी दोनदा याच जहाजानं आल्या होत्या. दोन्ही वेळा लाटांमुळे उतरता आलं नाही, कठड्यावरूनच पाहून परतल्या. या वेळी समुद्र शांत होता. पण आदल्या दिवशी त्यांना धाप लागली, आणि डॉक्टरबाईंनी तपासलं तर घोट्यांवर सूज, छातीत पाण्याची खरखर. औषध देऊन त्यांनी स्वच्छ सांगितलं की उद्या उतरायचं नाही. आजीबाईंनी वाद घातला नाही. आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डेकवर आलो तेव्हा त्या आधीच येऊन बसल्या होत्या. कोट गळ्यापर्यंत बंद, पायात जाड बूट, नाड्यांना दुहेरी गाठ. समोर ते बेट, हिरवं, उतारावर छप्पर नसलेली दगडी घरं. त्यांची नजर त्या घरांवरच होती. डॉक्टरबाई न्याहारीला बसल्या आणि टोस्टला हात न लावता उठल्या. त्यांनी आजीबाईंची छाती पुन्हा तपासली. औषधानं थोडा आराम पडला होता, पण थोडाच. मग दोघींत हळू आवाजात काहीतरी बोलणं झालं. बेटावर चढताना जिवाला काय होऊ शकतं, हे डॉक्टरबाईंनी त्यांना आडपडदा न ठेवता सांगितलं, असं त्या मला मागाहून म्हणाल्या. त्यावर आजीबाईंनी एवढंच विचारलं होतं, की मरायला त्याहून चांगली जागा तुम्हाला कुठली माहीत आहे? डॉक्टरबाई तडक सफरीच्या प्रमुखाकडे गेल्या.

"ती जाईल," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "आणि मी तिच्याबरोबर जाईन."

आजीबाई खलाशांच्या आधारानं तीन पावलांत होडीत उतरल्या. डॉक्टरबाईंना दहा मिनिटं लागली. शिडीच्या शेवटच्या पायरीवर त्या थिजल्या, डोळे मिटले, पुटपुटल्या, मग खालच्या खलाशाचं मनगट असं काही पकडलं की तो कळवळला. होडीत धपकन बसल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. उलट घड्याळाकडे बघत, तुझीच नाडी जास्त पळतेय, असं त्याला सुनावलं. किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उतरताना त्यांची सलवार भिजली, एक बूट वाळूत रुतला. त्या तशाच आजीबाईंचा दंड धरून चढ चढू लागल्या, दर दहा पावलांवर थांबत.

इतिहासाचे व्याख्याते आमच्यासोबत होते. त्यांच्याकडे बेटाचा जुना नकाशा होता, कुठल्या घरात कोणतं कुटुंब राहत होतं याच्या नोंदींसकट. आजीबाई घरांच्या रांगेसमोर उभ्या राहिल्या, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि गोंधळल्या. सगळी सारखीच, चार भिंती आणि आत खाजरी झुडपं. अखेर त्या एका घराकडे वळल्या, उंबऱ्याच्या दगडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, हेच. इथे कोपऱ्यात आई बसायची. मग त्या उंबऱ्यावर टेकल्या. व्याख्यात्यांनी नकाशा पाहिला, कपाळाला आठी घातली आणि तोंड उघडलं. त्यांचं बोट दोन घरं पलीकडे वळत होतं.

आकड्यात एका वर्षाची चूक झाली तरी वही उघडणाऱ्या आमच्या डॉक्टरबाई. त्यांनी त्या गृहस्थांच्या कोपराला हलकेच हात लावला आणि मान हलवली. नको. व्याख्यात्यांनी नकाशा घडी घालून खिशात ठेवला. आम्ही सगळे जरा लांब जाऊन उभे राहिलो. आजीबाई अर्धा तास तिथे बसल्या होत्या. रडल्या नाहीत. एकदा दगडावरचं शेवाळ नखानं खरवडलं, एवढंच.

डॉक्टरबाई एका पडक्या कुंपणावर बसून ओला मोजा पिळत होत्या. मी शेजारी गेले.

"आमच्या घरातून समुद्र डाव्या हाताला दिसायचा की उजव्या?" त्यांनी विचारलं, मला नव्हे, मोज्याला विचारल्यासारखं. "वडील गेले तेव्हा माझी ड्यूटी होती. आई गेली तेव्हाही. मग भावानं घर विकलं. जायचं राहूनच गेलं बघ."

नागपूरच्या घरात जिन्याजवळच्या बल्बचं बटण कुठे आहे, हे मला त्या क्षणी आठवेना, आणि मी घाबरले.

आजीबाई सुखरूप परतल्या. पुढच्या वसंतात त्या झोपेतच गेल्याचं त्यांच्या भाचीनं पत्रानं कळवलं. डॉक्टरबाईंनी ते पत्र दोनदा वाचून वहीत ठेवलं. त्यानंतरच्या जूनमध्ये त्या प्रत्येक बेटावर उतरल्या; दर वेळी दहा मिनिटं घेत, दर वेळी डोळे मिटून. कोकणात जाऊन येण्याचं मात्र दर दिवाळीला ठरे आणि दर संक्रांतीला पुढे ढकललं जाई. कधी गुडघा, कधी तिकिटं, कधी अमकीचं ऑपरेशन. मी आग्रह करायचे, मग सोडून दिलं. माझा व्हिसा संपला आणि मी पुण्यात नोकरी धरली. डॉक्टरबाई माझ्याबरोबर बसनं हीथ्रोपर्यंत सोडायला आल्या होत्या. निरोपाला नाडी बघितली आणि काही निदान सांगितलं नाही.

त्या वर्षीच्या जूनमध्ये एका दुपारी ऑफिसात माझा मोबाइल वाजला. लांबलचक परदेशी नंबर. डॉक्टरबाईच होत्या. कुठल्याशा बंदराजवळ रेंज मिळाली होती, म्हणाल्या. समोरच्या खडकांवर सील पडलेत, सगळे मिळून गातायत, ऐक जरा. मग त्यांनी फोन हातात धरून समुद्राकडे केला असावा. आधी नुसता वारा आला. त्यामागून, अगदी दुरून, कुणीतरी कुणालातरी हाका मारत असल्यासारखे लांब लांब सूर. मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेले आणि दुसरा कान हातानं बंद केला. लाइन तुटेपर्यंत आम्ही दोघी तशाच ऐकत उभ्या होतो.