फळी ठेवणारा माणूस

रश्वान दिसला की साइटवरचं हसणं बंद व्हायचं. जिन्यावर बसून कुणी सिगारेट ओढत असेल तर ती मुठीत जायची, काखेतली हेल्मेटं डोक्यावर चढायची, आणि आत्तापर्यंत सासूची नक्कल करून सगळ्यांना लोळवणारा बस्यूनी वायरमन एकदम भिंतीकडे तोंड करून वायर ओढायला लागायचा. रश्वान सलाम करायचा. सगळे उत्तर द्यायचे. "या अम्म रश्वान, चहा घ्या," असं काकाचा मान देऊन कुणीतरी म्हणायचंही, पण सरकून जागा कुणी करायचं नाही. तो वरच्या मजल्यावर गेला की खाली हसणं पुन्हा सुरू व्हायचं, आणि ते त्याला ऐकू यायचं.

तो सेफ्टीवाला होता. अम्मानच्या पश्चिमेला नऊ मजली इस्पितळ उभं राहत होतं, आणि तिथे कुणाचा पट्टा अडकवलेला नाही, कुठल्या चराला आधार दिलेला नाही, कुणाची केबल पाण्यातून गेली आहे, हे बघणं हे त्याचं काम. पट्टा न लावणाऱ्याला तो त्या दिवसापुरतं खाली उतरवायचा. घरी पाठवलेला माणूस दिवसाची मजुरी गमावतो, त्यामुळे त्याच्याशी कुणाची सलगी होणं कठीणच होतं. पण रश्वानला वाटायचं, आपण एकटे आहोत ते यामुळे नाही.

इजिप्तमधल्या सोहागकडच्या एका खेड्यातून तो चोवीस वर्षांपूर्वी जॉर्डनला आला होता, तेव्हा तो सेफ्टीवाला नव्हता. परांची बांधायचा. बरोबर त्याच गल्लीतला खलफ होता. रश्वान तिशीतला, खलफ तेवीस वर्षांचा. नुवैबाहून बोटीने दोघं अकबाला उतरले आणि पुढची अकरा वर्षं कधी वेगळे झाले नाहीत. एकच खोली, एकच शेगडी, फूल नावाच्या पावट्याच्या उसळीच्या एकाच भांड्यात दोघांची भाकरी. खलफचा साखरपुडा दोनदा मोडला होता, आणि त्यावर तो स्वतःच विनोद करायचा: "पहिलीने मला पाहिलं म्हणून मोडला, दुसरीने माझं गाणं ऐकलं म्हणून." गाणं त्याचं खरोखरच वाईट होतं. पण तो दिवसभर गायचा, आणि तो कुठल्या मजल्यावर आहे हे रश्वानला वर न बघता कळायचं.

अकराव्या वर्षी ते एका निवासी इमारतीवर होते. सहाव्या मजल्याच्या स्लॅबमध्ये पाइप जाण्यासाठी एक चौकोनी भोक ठेवलं होतं, माणूस सहज जाईल एवढं. कुणाचा पाय जाऊ नये म्हणून रश्वानने संध्याकाळी त्यावर प्लायची एक फळी टाकली. खिशात खिळे नव्हते. खिळे तळमजल्यावर, सहा जिने खाली. काम सुटायची वेळ झाली होती. उद्या मारू, असं म्हणून तो उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंट्रिंगवाल्यांना प्लाय कमी पडली. खलफ गात गात आला, त्याने ती फळी दोन्ही हातांनी उचलून छातीसमोर धरली आणि एक पाऊल पुढे टाकलं. फळी एवढी मोठी होती, की तिच्याखालचं भोक त्याला दिसायला वावच नव्हता. रश्वान त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याने चालती फळी पाहिली, मग ती आडवी पडलेली पाहिली. गाणं थांबलं होतं.

चौकशी झाली. कागदावर 'उंचीवरून पडून' असं आलं. ती फळी तिथे कुणी ठेवली, हे कुणी विचारलं नाही, आणि रश्वानने सांगितलं नाही. शवपेटीबरोबर तो गावी गेला. खलफची आई हज्जा फहीमा हिने सगळ्या बायकांच्या देखत त्याचं डोकं छातीशी धरलं. "शेवटपर्यंत तू होतास रे त्याच्याजवळ," ती म्हणाली. त्या क्षणी बोलायला हवं होतं. तो क्षण गेला, आणि मग पुढचा प्रत्येक दिवस बोलणं आणखी अवघड करत गेला.

परत आल्यावर परांचीवर चढताना तो मध्येच दांडा धरून थांबून राहायचा. रुला नावाच्या इंजिनीअरबाई होत्या, त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी त्याला हाकललं नाही. पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे पेनं घेतलेली ऑफिसातली माणसं होती आणि मागच्या बाकावर हा. शिकवणारा म्हणाला, बांधकामावर माणूस शंभर तऱ्हांनी जखमी होतो, पण मरतो तो बहुतेक चारच तऱ्हांनी: वरून पडून, अंगावर काही पडून, कशात तरी सापडून किंवा गाडला जाऊन, आणि विजेने. मग त्याने पडद्यावर एक चित्र लावलं. स्लॅबमधलं भोक, वर सुटी फळी. "हे झाकण नव्हे," तो म्हणाला, "हा सापळा आहे. झाकण म्हणजे खिळे मारलेलं, रंग लावलेलं, वर 'खाली भोक आहे' असं लिहिलेलं." रश्वान उठून बाहेर गेला आणि नळाखाली डोकं धरून उभा राहिला.

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी सातला नव्या माणसांना तो हे चार मृत्यू शिकवायचा. पडदा वगैरे त्याच्याकडे नव्हता. तो माणसांना घेऊन फिरायचा. चराच्या कडेला उभं करून म्हणायचा, "ही माती किती वाटते? टोपलीभर? मीटरभर लांब, रुंद, खोल माती म्हणजे एका मोटारीचं वजन. ती छातीवर घेऊन श्वास घेऊन दाखव." क्रेनखाली म्हणायचा, "भार वर असताना खाली उभं राहणाऱ्याला क्रेनवाला ओळखत नाही. साखळी तर त्याहून नाही." लांब सळई घेऊन तारांखालून जाणाऱ्याला थांबवून, सळई आणि तार यांच्यातलं अंतर मोजायला लावायचा. आणि शेवटी पडण्यापाशी आला की फळीची गोष्ट सांगायचा. "एक माणूस होता," अशी ती सुरू व्हायची. तेरा वर्षं तो 'एक माणूस' होता.

मधल्या काळात त्याची बायको मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेली. तो पोचला तेव्हा तिसरा दिवस होता. मुलगी लग्न होऊन अलेक्झांड्रियाला. गावी जाणं हळूहळू थांबलं, कारण गावी गेलं की हज्जा फहीमाकडे चहाला जावं लागे. ईदला तो तिला फोन करायचा, गुडघ्यांची चौकशी करायचा, दोन मिनिटांत ठेवायचा. साइटच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली त्याला दिली होती. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी तो शर्ट धुवायचा, वाळत घालायचा, आणि ते वाळेपर्यंत त्यांच्याकडे बघत बसायचा.

मार्चमध्ये त्याला एक फोन आला.

"अम्म रश्वान? मी बखीत. खलफचा धाकटा भाऊ. ओळखलंत का?"

बखीत प्लास्टर करायचा. लिबियात बरीच वर्षं काढून परत आला होता, गावात काम नव्हतं. "आई म्हणाली, अम्मानमध्ये तुझा एक भाऊ आहे, त्याला फोन कर."

रश्वानने इंजिनीअरबाईंकडे शब्द टाकला. गुरुवारी बखीत एक पिशवी घेऊन आला. चाळिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, आणि हसला की हुबेहूब भाऊ. रश्वानने त्याला आपल्याच खोलीत ठेवून घेतलं. शुक्रवारी सकाळी बाजारात जाऊन त्याने मुलूखियाची पालेभाजी आणि कोंबडी आणली.

"अहो, एवढं दोघांना?" बखीत म्हणाला. "का अजून कोणी यायचंय?"

"खा रे. तुला बघून आई मला शिव्या देईल, वाळवला म्हणेल."

"ती सगळ्यांनाच म्हणते. आमच्या गाढवालाही म्हणते."

रश्वान हसला. आपल्या हसण्याचा आवाज त्याला त्या खोलीत नवीन वाटला. दिवसभर ते गावाविषयी बोलत राहिले. कोणाचं घर पडलं, कोणी दुसरी बायको केली, कालव्याच्या कडेची चिंच कोणी तोडली. खलफचा विषय निघाला तेव्हा बखीत म्हणाला, "परांचीवरून पडला ना? आम्हाला तेवढंच कळलं." रश्वानने मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, ते बखीतला कळलं नसावं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. नवीन माणसं नऊ, त्यांत बखीत. विजेची बाजू बघायला बस्यूनी नेहमीसारखा हजर होता. रश्वानने चर दाखवला, क्रेन दाखवली, केबली दाखवल्या. मग दुसऱ्या मजल्यावर नेऊन पट्टा कसा डोक्याच्या वर अडकवायचा ते दाखवलं आणि म्हणाला, "झालं. जा कामाला."

"असं कसं?" बस्यूनी म्हणाला. "अम्म रश्वान, फळीची गोष्ट राहिली! आम्ही बाराव्यांदा ऐकलीय, यांना फुकटात कशाला सोडता?"

दोघेतिघे हसले. रश्वानने बखीतकडे पाहिलं. प्लास्टरवाला. आजपासून हा इमारतीच्या आतल्या मजल्यांवर फिरणार. तिथे प्रत्येक मजल्यावर सहा-सहा भोकं, प्रत्येकावर फळी. ही गोष्ट कुणी ऐकायलाच हवी असेल तर ती यानेच.

"एक माणूस होता," रश्वानने सुरू केलं. त्याने ती नेहमीसारखीच सांगितली, पण आवाज खाली गेला होता आणि मागच्यांना पुढे सरकावं लागलं. सहावा मजला. भोक. फळी, आणि खिळे नाहीत. "सकाळी एक कामगार गात गात आला…"

"गात?" बखीत म्हणाला.

रश्वान थांबला.

"कसलं गाणं?" बखीतने विचारलं. आता त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "तो परांचीवरून पडला नाही ना?"

"नाही."

"आणि ती फळी? कोणी ठेवली होती?"

क्रेनचा भोंगा वाजला आणि थांबला. बस्यूनीने खाली बघितलं.

"मी," रश्वान म्हणाला. "मी ठेवली होती, बखीत. खिळे खाली होते. मला सहा जिने उतरून पुन्हा चढायचा कंटाळा आला."

बखीतने त्याच्यावर हात उगारला नाही. मग त्याने हेल्मेट डोक्यावर घातलं, हनुवटीखालचा पट्टा आवळला आणि विचारलं, "माझा मजला कोणता?"

"चौथा."

तो गेला. संध्याकाळी रश्वान खोलीत आला तेव्हा बखीतची पिशवी नव्हती. तो मिन्या शहराकडच्या प्लास्टरवाल्यांबरोबर राहायला गेला होता. आदल्या दिवशीची उरलेली कोंबडी पातेल्यात तशीच होती. रश्वानने ती खाल्ली नाही आणि फेकलीही नाही. तिसऱ्या दिवशी वास यायला लागला तेव्हा मांजराला घातली.

बखीतने नोकरी सोडली नाही. समोर आला की सलाम करायचा, तेवढंच. माणसांनाही आता रश्वानशी कसं वागावं ते कळेना. आधी ते त्याला टाळायचे. आता त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचे, त्याच्या घरात कुणी वारलं असल्यासारखे. एकदा बस्यूनी त्याच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "मला माहीत असतं तर मी बोललो नसतो, अम्म," तो म्हणाला. "देवाशपथ."

"तू बोललास ते बरं झालं," रश्वान म्हणाला. "ये, बस."

"नको, काम आहे," बस्यूनी म्हणाला आणि निघून गेला.

आठ दिवसांनी रश्वानने गावी फोन लावला. बखीतने आईला सांगितलंच होतं.

"तेरा वर्षं माझ्या गुडघ्यांची चौकशी करत होतास," हज्जा फहीमा म्हणाली.

"हो, आई."

"मला आता तुझ्याशी बोलायचं नाही. फोन करू नकोस."

त्याने ईदलाही फोन केला नाही. शनिवारचे वर्ग चालू राहिले. गोष्ट आता 'मी एक फळी ठेवली' अशी सुरू व्हायची. नव्या माणसांची चुळबूळ थांबायची, कुणी विनोद करायचं नाही. ते झाल्यावर तो स्वतः त्यांच्या हातात हातोडी देऊन एकेकाकडून एक झाकण ठोकून घ्यायचा.

डिसेंबरमध्ये एका दुपारी बखीत त्याच्या पत्र्याच्या खोलीशी आला. आत आला नाही. "आईने विचारलंय, तू कधी येतोस."

"कशाला?"

"ते तिने मला नाही सांगितलं." बखीत वळला, मग थांबला. "मी तिच्या आड येत नाही. जायचं असेल तर जा."

रश्वान गेला. बोटीने, मग बसने, मग एका मायक्रोबसच्या मागच्या सीटवर. हज्जा फहीमा दाराबाहेर उन्हात बसली होती, आधीपेक्षा अर्धी झालेली. तिने त्याला उठून मिठी मारली नाही. समोरच्या बाकाकडे बोट केलं. नातीने चहा आणून ठेवला.

"त्या दिवशी सकाळी," ती म्हणाली, "तो काय खाऊन गेला होता?"

रश्वानला वाटलं होतं ती फळीबद्दल विचारेल.

"मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. "कधी गेला, कशाने गेला, ते कागदावर आलं. काय खाल्लं होतं ते कोण लिहिणार? उपाशी गेला का?"

"नाही, आई. तेलातून काढलेल्या गरम तीन तामिया खाल्ल्या. माझ्यातली एक उचलली, म्हणजे चार. चहात साखर कमी म्हणून मला बोलला."

"कमी घातली होतीस?"

"संपली होती."

तिने चहाचा पेला त्याच्याकडे सरकवला. "अजून सांग," म्हणाली.

मग तो सांगत राहिला. खोली कशी होती, कोण कुठे झोपायचं, तो गाताना शेजारचे भिंतीवर कसे मारायचे, दुसरा साखरपुडा मोडला त्या दिवशी तो कसा एकटाच सिनेमाला गेला आणि कुणाला बोलला नाही. ऊन भिंतीवरून सरकत गेलं. गल्लीतून जाणारी माणसं सलाम करत होती, काही करत नव्हती. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती; मध्येच एखादा शब्द पुन्हा विचारायची. दुपारची अजान झाली तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "माफ केलं असं मी म्हणत नाही हं."

"मी मागितलंही नाही, आई."

"मागूही नकोस." तिने दाराची चौकट धरली. "पुढच्या वर्षी आलास तर ये."

ती आत गेली. रश्वान चहाचा रिकामा पेला उंबऱ्यावर ठेवून रस्त्यापर्यंत चालत आला. मायक्रोबसला अजून वेळ होता. उसाच्या शेताच्या कडेला, आपली पिशवी पायाशी ठेवून, तो एकटाच गाडीची वाट बघत उभा राहिला.