दूध रोज जात होतं, मी थांबले होते

पट्टीवर दोन रेघा उमटल्या तेव्हा धाकटी आठ महिन्यांची होती आणि माझ्या पोटावरचे टाके अजून ओढत होते. दोन्ही मुली सिझरच्या. गर्भपिशवीवरची शिवण पातळ आहे, तीन वर्षं दिवस जाऊ देऊ नका, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. मार्चअखेर तांबी बसवायची ठरली होती. तेवढ्यात लॉकडाऊन लागलं.

पट्टी सुनीतानं आणून दिली. ती आमच्या गावची आशाताई आणि माझ्या माहेरचीच. घाटनांदूरच्या अलीकडच्या या गावात आम्ही दोघी एकाच वर्षी नांदायला आलो. आदल्या वर्षी दुष्काळात जनावरं चारा छावणीवर नेली तेव्हा मी पोटुशी होते. माझ्या वाट्याच्या पाण्याच्या घागरी तिनं उचलल्या. अशा बाईपासून काय लपवायचं? तिला एकटीलाच सांगितलं, हे मला ठेवायचं नाही, मला जगायचंय.

"सगळं बंद हाय, मंगल. दवाखान्यात निस्ते कोरोनाचे पेशंट. जरा दम धर, मी सांगते," ती म्हणाली.

मी दम धरला. ती दर चार दिवसांनी यायची, लोहाच्या गोळ्या द्यायची, अजून थांब म्हणायची. माझा नवरा गावातल्या सहकारी डेअरीची गाडी चालवतो. गाडीला पास होता, रोज सकाळी कॅन घेऊन तालुक्याला जायची. पण असली दुखणी आमच्याकडे पुरुषांच्या कानावर घालत नाहीत. मीही तोंडाला कुलूप लावून बसले, आणि त्यात महिना गेला.

एका सकाळी डेअरीवर दूध घालताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसले ती उठलेच नाही. नवऱ्यानं गाडीत घातलं. वाटेत त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला कावून न्हाई सांगितलं? रोज त्या दवाखान्याच्या फाटकावरूनच जातो की मी."

तालुक्याच्या दवाखान्यात आधी संशयच वाट्याला आला. दोन मुलींच्या पाठीवर पाडायला आलेली बाई, त्यात पोटातल्या मुली पाडण्यापायी बदनाम झालेला जिल्हा आमचा. तिथल्या नव्या डॉक्टरबाईंनी पहिलं विचारलं, सोनोग्राफी कुठे केली? मला लाज वाटली आणि रागही आला. पोटात काय आहे ते मला माहीत नव्हतं, माहीत करून घ्यायचंही नव्हतं. सिझरचे कागद पाहिले, हिमोग्लोबिन, म्हणजे अंगातलं रक्त, सातवर आलेलं दिसलं, तेव्हा त्यांचा आवाज उतरला.

"इतके दिवस घरी का बसलात? हे काम आम्ही एक दिवसही बंद ठेवलं नाही. सगळ्या आशांना कळवलंय. तुमच्या आशानं तर तुमचं नाव बाळंतपणाच्या यादीत दिलंय."

महिन्यापूर्वी पाडायच्या गोळ्यांवर भागलं असतं. आता सक्शन करावं लागलं, म्हणजे नळीनं पिशवी रिकामी करणं. आधी कोरोनाची तपासणी, दोन दिवस अहवालाची वाट, रक्ताची एक बाटली. फॉर्मवर नवऱ्याची सही लागत नाही, एकटीची पुरते, हे मला तिथं कळलं. बायांनो, तुम्ही हे आधीच माहीत करून घ्या. सांगोवांगी ऐकून बसू नका, स्वतः जाऊन फाटकावर विचारा. त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्नही विसरणार नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी अंघोळीचं पाणी तापवून दिलं आणि तोंड फिरवून चुलीकडे गेल्या. तिसऱ्या दिवशी सुनीता आली. मी विचारायच्या आधीच रडायला लागली. माझी गोष्ट तिनंच सासूबाईंच्या कानावर घातली होती, आणि त्यांनी तिला गळ घातली होती, पाडायची मुदत टळेपर्यंत दिवस वर जाऊ दे म्हणून. "मला वाटलं, पोरगा झाला तर तूच पेढे देशील," ती म्हणाली. मी विचारलं, आणि शिवण फाटली असती तर?

गावात आशा एकच. धाकटीला डोस पाजायला तिच्याकडेच न्यावं लागतं. परवा थेंब पाजून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, राग गेला का?

मी म्हटलं, "छावणीतल्या घागरी मी इसरले न्हाई, सुनीता. म्हणून तर लई दुखतं."

तिनं मान खाली घातली आणि कार्डावर पुढची तारीख लिहिली.