नानांना विचारलं होतं

नानांना आपल्या कुंडीतलं झाड दाखवायला छाती लागायची. मी एकदा मोठ्या हौसेने आणलेला अनंत त्यांच्यापुढे धरला आणि फुलं कधी येतील म्हणून विचारलं. नानांनी बोटाने माती उकरली, मूळ पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "मेलाय तो, ताई. तुमी उगाच पानी घालताव." मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी रोप फेकून दिलं.

नाना आमच्या सीवूड्सच्या सोसायटीचे माळी. त्याआधीची उमेदीची सगळी वर्षं त्यांनी खाडीकाठच्या मिठागरात घालवली होती. मिठागरात वाफ्याचा तळ पायांनी तुडवून सपाट करावा लागतो, जराही उंचसखल चालत नाही. मिठागर बंद पडलं आणि ते पाय आमच्या लॉनवर आले. मशीन ढकलून गवत कापून झालं की नाना चपला काढून अख्ख्या लॉनवर एक फेरी मारत. मध्येच थांबत, खाली बसत, विळ्याने दोन-चार काड्या कापत. आम्हाला डोळ्यांनी न दिसणारं त्यांच्या तळव्याला कळायचं. मुलं त्यांच्यामागे अनवाणी फिरत आणि घरी जाऊन पाय न धुता सोफ्यावर चढत, म्हणून आया नानांवर चिडत.

मग त्यांचे गुडघे गेले. सकाळभरात होणाऱ्या फेरीला अख्खा दिवस लागू लागला, गवत जागोजागी वाढलेलं दिसू लागलं. त्याच सुमाराला आमचे चेअरमन मुलीकडे परदेशात राहून आले ते रोबोचा व्हिडिओ घेऊनच. आपोआप फिरतो, गवत कापतो, बॅटरी संपली की आपला आपण चार्जिंगला जातो. तीन मिटिंगा त्यावरच झाल्या. पावसाळ्यात चिखलात रुतेल, कुत्री मागे लागतील, बिघडला तर माणूस कुठून आणायचा, एक ना दोन. खरा प्रश्न कोणीच काढत नव्हतं. रोबो आला की नाना जाणार, आणि नानांचं घर त्यांच्या पगारावर चाललेलं. मुलाचं काम आज आहे, उद्या नाही.

कमिटीत आम्ही सात जण. तीन हो म्हणाले, तीन नको. सातवी मी, सेक्रेटरी. मी 'नको' म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पण चेअरमनांशी वाकडं घ्यायची माझी हिंमत झाली नाही. मी शहाणपणा केला. म्हटलं, रोबो दोन दिवस चालवून बघू आणि नानांनाच विचारू, गवतातलं त्यांच्याइतकं कोणाला कळतं? स्वतःच्या पोटावर पाय कोण आणेल, असा माझा हिशोब. सगळ्यांना सूचना आवडली. माझी मलाही फार आवडली.

कंपनीचा माणूस रोबो घेऊन आला. कासवाएवढं यंत्र, आवाज जवळजवळ नाहीच. ते पुढे आणि नाना अनवाणी मागे, असे दोघे दोन दिवस फिरले. तिसऱ्या दिवशी नानांना ऑफिसात बोलावलं. चेअरमनांनी खुर्ची पुढे केली. इतक्या वर्षांत नाना त्या खोलीत खुर्चीवर कधी बसले नव्हते. आधी त्यांनी पाय पुसले, मग अगदी कडेला टेकले.

मी मुद्दाम विचारलं, "नाना, भिंतीच्या कडेचं गवत त्याला कापता येत नाही ना?"

"नाय येत," नाना म्हणाले. मला हायसं वाटलं. पण ते थांबले नाहीत. "कडा कोनपन कापंल, ताई. मधला बघा. एकसारखा कापलाय. माझ्या हातानं आता तसा होत नाय. घ्या तुमी."

मग मतं घेतली. माझा हात होकारासाठी वर गेला. मला आजही त्या हाताची लाज वाटते.

रोबोला हद्द कळावी म्हणून लॉनभोवती जमिनीत वायर पुरावी लागते. पाण्याचे पाइप कुठून गेलेत ते एकट्या नानांना ठाऊक, म्हणून ते कामही त्यांनीच केलं. गवतातले खडे वेचून टाकले, पातं तुटायला नको म्हणून. महिनाअखेरीस आम्ही शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढले. गेटवर नाना मला म्हणाले, "बरा हाय मशीन. सांभाळा."

वर्षभराने ते गेल्याचं वॉचमनकडून कळलं. मी त्यांच्या गावी घरच्यांना भेटायला गेले. वाटेभर मनात घोळवत होते की निदान सुनेला तरी खरं सांगून टाकू. ते नको म्हणतील एवढ्याचसाठी विचारलं होतं, दुसरं काही नव्हतं, असं सांगू. सुनेने पाणी दिलं. म्हणाली, मामंजी शेवटी अंथरुणावर पडूनच होते, पण घरी कोणीही आलं की एकच गोष्ट सांगायचे.

"म्हनायचे, एवरी मोठी सोसायटी, शिकलेली मानसं, पन मना खुर्चीवर बसवून इचारलं. मी बोललो, मंगच मशीन घेतला." तिने माझ्याकडे पाहिलं. "खरंच इचारलेलं का हो, ताई? आमाला वाटायचं, उगाच बोलतात."

"हो," मी म्हटलं. "त्यांना विचारूनच घेतलं."