इकोचं बटन

नवी पेठेच्या मागच्या बोळात माझं स्पीकरचं दुकान हाय. नाव बिभीषण, वय एकसष्ट, कंबर कामातनं गेलेली. लग्न असो, सभा असो, बारसं असो, खोकी मीच उचलतो. आता बोलावतंय तरी कोण म्हणा! डीजेवाल्यांनी आमचं पार वाटोळं केलं. कुणी बोलावलंच तर आधी अंगावर काटा येतो, आता जिने किती असतील म्हणून. पण धर्मपालचा कार्यक्रम असला की मी गपगुमान जायचो. तीस वर्षं गेलो.

धर्मपाल महापालिकेत पाणी सोडायच्या कामावर होता. सायकलीला व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी आडवी बांधलेली. सकाळी ज्या बाया ‘चार दिस झालं, पानी कुटाय रं मुडद्या’ म्हणून त्याचा उद्धार करायच्या, त्याच संध्याकाळी त्याच्या गाण्याला पुढं जागा धरून बसायच्या. तरुणपणी रेल्वे कॉलनीत नाताळाला बँड वाजायचा, तो ह्यानं कुंपणाबाहेर उभं राहून ऐकला. ड्रम, गिटार, सॅक्सोफोन सगळं कानात बसलं. पुढं त्याच वाद्यांवर भीमगीतं म्हणायला लागला. सॅक्सोफोनला लग्नाच्या बँडातला बसलिंगप्पा. नाचावं का रडावं कळायचं न्हाय, असलं गाणं.

त्यानं स्वतः रचलेलं एक गाणं होतं, ‘पानी आलं’. जन्मभर नळ सोडणारा माणूस दुसरं काय रचणार? पण शेवटी त्या ‘आलं’चा ‘आ’ तो असा काही धरून ठेवायचा, की ऐकणाऱ्याचाच जीव वरखाली व्हायचा.

नऊ वर्षांमागं केम गावच्या कार्यक्रमात तो ‘आ’ मधेच तुटला. थंडी होती, घसा बसला होता. पण पुढची चार टाळकी फिदीफिदी हसली. धर्माचं तोंड मला बघवलं न्हाय. पुढच्या कार्यक्रमापास्नं मी एक उद्योग चालू केला. त्यानं ‘आ’ धरला की तीन-चार सेकंदांत इकोचं बटन हळूच फिरवायचं. मग ह्याचा श्वास संपला तरी आवाज स्पीकरातनं घुमत राहायचा, आन् लोक टाळ्या पिटायचे. धर्माला मी चकार शब्द बोललो न्हाय. काय बोलणार? तुझा दम गेला, आता मी ओढतोय, असं सांगू?

औंदा त्याची लेक धम्मप्रिया, पुण्यात बँकेत हाय, तिनं मनावर घेतलं. बापाचं वय सदुसष्ट, आन् घरात एक धड रेकॉर्डिंग न्हाय. तिनं सात रस्त्याजवळचा हॉल ठरवला, आपलीच दोनशे माणसं बोलावली, आन् पुण्याहून अभिमन्यू नावाचा रेकॉर्डिंगवाला आणला. रविवारी सकाळी तालमीला त्यानं दोन गाणी ऐकली आन् उडालाच.

“काका, हे तर जॅझ-रॉक आहे!”

“असंल बाबा,” धर्मा म्हणाला. “आमी आर्केस्ट्रा म्हनतो.”

अभिमन्यूनं माइकची वायर आधी त्याच्या मशीनला लावली आन् तिथनं माझ्याकडं दिली. म्हणजे माझा इको रेकॉर्डिंगात येणारच न्हाय. वर म्हणतो, “आज हॉलमध्येही इको नको, काका. माइकात शिरतो तो.” आन् माझ्या बटनावर त्यानं चिकटपट्टी मारली. माझ्या! तीस वर्षांच्या बटनावर! पण राग गेला तेल लावत. आज तो ‘आ’ उघडा पडणार होता. आन् केमला एकदाच तुटला, हितं तर तुटलेला कायमचा राहणार. लेक ऐकणार, नातवंडं ऐकणार, धर्मा स्वतः ऐकणार.

चहाच्या वक्ताला मी त्याला बाजूला घेतलं. “धर्मा, ते शेवटचं आज लांबवू नको. लवकर सोडून दे.”

“का रं?”

“वय झालं.”

“तुजं झालं आसंल,” म्हणाला आन् कप ठेवून गेला. झालं. तोंडघशी पडलो.

दुपारी चारला कार्यक्रम सुरू झाला. एकेक गाणं सरत होतं आन् मी उरलेली मोजत होतो. शेवटी ‘पानी आलं’. बसलिंगप्पानं सॅक्सोफोन खाली घेतला, ड्रम थांबला, आन् धर्मानं ‘आ’ धरला. नेहमीसारखं माझ्याकडं बघितलं. माझा हात सवयीनं बटनावर गेला, पट्टी लागली, तसा मी तो मांडीवर आणून ठेवला. धर्मा बघतच होता.

आन् त्यानं सोडलंच न्हाय. आवाज चिरला. म्हटलं, गेलं! पण तो तसाच चिरका धरून राहिला, मानेच्या शिरा टरारल्या, आन् मग तो आवाज मोकळा होऊन वर गेला. किती वेळ, मला विचारू नका. मी श्वासच घेतला नव्हता. खाली आला तेव्हा हॉलात टाळी वाजली ती थांबंचना. धम्मप्रिया तोंडाला पदर लावून रडत होती.

हॉल रिकामा झाल्यावर धर्मा माझ्या खोक्यावर येऊन बसला. गळ्यात टॉवेल, घामानं निथळत होता.

“आज हात का न्हाय फिरवलास?”

मी वायर गुंडाळायची थांबवली. “तुला म्हाईत हाय?”

“भैरा हाय का मी? नऊ वरसं ऐकतोय.”

“आन् बोलला न्हाईस?”

“काय बोलायचं? तुजा हात बटनावर गेला की मी सोडून द्यायचो. म्हनलं, दिसभर खोकी उचलतंय, आपल्याला कोन टाळ्या देतंय असं त्याला वाटत आसंल. टाळ्यांत त्याचाबी वाटा असू दे, तेवढी हौस त्याची.” टॉवेलानं तोंड पुसलं. “आज तुजा हात मांडीवर बघितला, तवा वाटलं, बिभीषण म्हनतोय, गा की.”

केमला एकदा घसा बसला होता, तेवढंच; दम गेलाच नव्हता. माझ्या मायेनं मी नऊ वर्षं त्याचा ‘आ’ गिळला होता, आन् माझी हौस म्हणून त्यानं गिळू दिला होता. लाज वाटली, लई वाटली.

“धर्मा, पुढच्या कार्यक्रमाला बटनाला हात लावायचा न्हाय मी. आईशप्पथ.”

तो हसला, पण आवाज फुटला न्हाय. नुसती हवा आली. घशावर हात ठेवून कसाबसा बोलला, “पुढचा कसला आता? हुता तेवढा आज दिला.”

मग उठला, खोक्याची एक बाजू धरली, आन् मला मानेनंच म्हणाला, उचल.