तंबाखूची पुडी

"हलू नको रे, उंदीरखाऊ! साहेबाचा आकडा चुकतो!"

कारकून असा ओरडला की काशीदच्या समुद्राची भरती अर्ध्या वाटेतून मागं फिरली असावी. म्हसळ्याच्या बंगल्यापुढं मी उकिडवा बसलेलो. गोरा साहेब लोखंडी चिमट्यानं माझं डोकं मोजत होता. चिमटा केवढा? म्हैस मावली असती. मागं आमची अख्खी वाडी रांगेत. आधी डोकं, मग नाक. बायकांचीसुद्धा.

कारकून म्हणाला होता, "हे आकडे जिनिव्हाला जाणार. तिथं पन्नास राज्यांची पंचायत बसते. रानटी लोकांचं काय करायचं, ते ठरवते."

पन्नास राज्यं! आमचं काय करायचं ते आम्हीच सांगू की.

"जात?"

"काथोडी."

"म्हणजे काथ करता?"

"करायचो. सरकारनं खैराचा डोंगर बंद केला. कुऱ्हाड दिसली की फटके."

धंदा काढून घेतला. नाव तेवढं आमच्याकडं ठेवलं.

मग मी बोललो. चिमट्यात डोकं धरून बोललो. आजा खैर कसा उकळायचा, बापाला त्याच खैराला बांधून कसं मारलं, बहीण भुकेनं कशी गेली. इतका बोललो की कावळे गप्प झाले. शेवटी म्हणालो, "साहेब, डोकं काय मोजता? डोंगर मोजा. पंचायतीला सांगा, तो आमचा हाय."

कारकुनानं साहेबाला तीन-चार शब्द सांगितले. साहेब हसला. खिशातून तंबाखूची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली.

आमच्यात तंबाखू दिली म्हणजे शब्द दिला. मी वाडीभर नाचलो. पुडी फोडली नाही. पावसाळा सरल्यावर कुऱ्हाड घेऊन उजळ माथ्यानं डोंगरावर गेलो.

पाठीची सालटी निघाली. ओरडलोसुद्धा नाही. कुणाला हाक मारणार? जिनिव्हा केवढी लांब.

हिवाळ्यात चिमटा परत आला.

"बस खाली!"

मी उभाच राहिलो. रांग मात्र बसली. बायकोही बसली. मी पुडी टेबलावर ठेवली.

"डोकं मिळायचं न्हाय. साहेबाची बोली मी शिकणार. केस पिकले तरी शिकणार. माझं बोलणं माझ्याच तोंडानं सांगणार. भाऊसाहेब, पहिला धडा तुम्हीच द्या. त्या दिवशी साहेबाला काय सांगितलंत?"

कारकुनानं वहीतून मानही वर केली नाही.

"तंबाखू मागतोय म्हटलं."