राळेत बसवलेला पक्षी

ती घटना अजून माझ्या नाकात आहे. बाकीची प्रकरणं आठवली की डोळ्यांसमोर येतात, हे एकच नाकात येतं. का, ते शेवटी सांगतो. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या पोलिसाला एवढी तरी नाटकबाजी करू द्या.

मी तेव्हा घाटकोपरच्या टेकडीकडच्या पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. मंगळवारची सकाळ, हजेरी नुकतीच संपलेली. पांढरी काठी टेकत एक मालवणी म्हातारा आत आला. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. उभं आयुष्य त्याने एका डॉक्टरांची गाडी चालवली होती आणि डॉक्टरांनी शेवटी ती जुनी विलायती गाडी त्याच्याच नावावर करून दिली होती. आता ती चालत नव्हती. चाळीच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी असायची आणि हा रोज सकाळी चाचपत चाचपत ती पुसायचा.

"सायबा, माझी गाडी चोरीक गेली. चार दिस जत्रेक गावाक गेललंय. येवन बघतंय तर ताडपत्रीखाली दुसरीच."

आमचा हवालदार म्हणाला, "बघतंय? आजोबा, तुम्हाला दिसलं कसं?"

ठाणं हसलं. मीही हसलो. हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

हवालदार जाऊन अर्ध्या तासात परत आला. गाडी जागेवर. नंबरप्लेट तीच. बॉनेटवरचा मोनोग्रामही तोच, पंख पसरलेला पितळी पक्षी, डाव्या पंखाचं टोक मोडलेलं, आजोबांनी वर्णन केलं होतं अगदी तसं. स्टेशन डायरीत नोंद झाली: वाहन जागेवर मिळून आले. चॅसी नंबर मात्र आरसी बुकाशी कोणी ताडून पाहिला नाही. शिकाऊ पोलीससुद्धा आधी तेच करतो. आम्ही अनुभवी होतो ना, म्हणून केलं नाही.

पुढच्या मंगळवारी आजोबा पुन्हा हजर.

"पक्षी माझोच आसा, सायबा. पण तो जेच्यार बसलो हा, ता बॉनेट माझा न्हय."

"कशावरून?"

"वास येणा नाय."

मग त्यांनी सांगितलं. वडील होड्या बांधायचे. मोनोग्रामच्या मागच्या पिना फार वर्षांपूर्वी तुटल्या, तेव्हा यांनी राळ आणि तेल एकत्र कढवून पक्षी बॉनेटच्या भोकांत बसवला, होडीच्या फटी बुजवतात तसा. ऊन चढलं की राळ मऊ व्हायची आणि बॉनेटला वास सुटायचा. तो वास आता येत नव्हता.

मी म्हणालो, "आजोबा, वासाचा पंचनामा कसा करू?"

टाळीचं वाक्य होतं. दिवसभर ठाण्यात फिरलं. आजोबा काठी उचलून निघून गेले.

दोन दिवसांनी माझा एक खबरी आला. हा चोरीच्या सुट्या भागांवर नजर ठेवायचा. सहज बोलता बोलता म्हणाला, "साहेब, कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे एक जुनी विलायती आलीय. इंजिनासकट अख्खी. नंबरप्लेट, आरसा आणि मोनोग्राम तेवढे गायब. बॉनेटच्या भोकांत डांबरासारखं कायतरी भरलंय, उन्हात चिकट होतं."

चहा तसाच टाकून मी जीप काढली. पोचलो तेव्हा फक्त बॉनेट शिल्लक होतं. बाकी सगळं गॅसकटरखाली गेलेलं. भंगारवाला हात पुसत म्हणाला, "नऊ दिवस अख्खी उभी होती साहेब. आज सकाळीच कापली."

नऊ दिवस. म्हणजे पहिल्या मंगळवारी ती अख्खी होती.

भंगारवाल्याच्या कागदांवर विकणाऱ्याची सही होती आजोबांची, पण फोन नंबर होता त्यांच्या मुलाचा. कुरिअरचं काम करणारा, चाळिशीचा, साधा माणूस. त्याला बोलावलं. चौकशीतला माझा आवडता डाव असा: आधी चहा पाजायचा, मग गुन्हा सोडून त्यातली बारकी गोष्ट विचारायची.

"मोनोग्राम कशाने चिकटवलास रे?"

"डबल टेपने," तो म्हणाला. कप खाली ठेवला आणि रडायला लागला.

"पोरीचं नर्सिंगचं ॲडमिशन होतं, साहेब. बाबा नाहीच म्हणाले असते. दलालाने तशीच एक पोकळ बॉडी आणून ठेवली. सीट कव्हरं, आरसा, नंबरप्लेट, सगळं काढून लावलं. वाटलं, हाताला पक्षी लागला की त्यांना पुरे. पक्ष्याखालची काळी घाण तेवढी ब्लेडने खरवडली. टेप धरत नव्हती."

गुन्हा नोंदवण्याआधी मालाची ओळख पटवायची होती. बॉनेट ठाण्याच्या आवारात उन्हात ठेवलं. पोकळ बॉडीवरचा पक्षी काढून आणला, टेपवरून तो नखाने निघाला. आजोबा मुलाचा खांदा धरून आले. निरोप नेणाऱ्याने त्यांना "गाडी सापडली" एवढंच सांगितलं होतं. खरं काय झालं ते मी सांगितलं, काही न लपवता. ओळख पटली तर खोट्या सहीचा गुन्हा लागेल आणि पहिला आरोपी कोण असेल, तेही सांगितलं. खांद्यावरचा हात हलला नाही.

ते वाकले. एकेका भोकात बोट घालून पाहिलं. नाक पत्र्याला लागेपर्यंत खाली नेलं आणि बराच वेळ तसेच राहिले.

"न्हय. ह्या माझा न्हय."

"आजोबा, पुन्हा एकदा बघा."

"सायबा, आंधळ्याचा कोण खरा धरता? तुमीच हसललास."

मी पंचनाम्यात लिहिलं: ओळख पटली नाही. माझ्या नोकरीतलं सगळ्यात खोटं वाक्य ते. मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं.

मग त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. राळ होती. गाडी सापडली म्हटल्यावर घरूनच घेऊन निघाले होते.

"जेचा कोणाचा आसात," ते म्हणाले, "पक्षी तेका लावन देवया."

चहावाल्याच्या स्टोव्हवर राळ आणि तेल कढलं. पातेलं धरायला तोच हवालदार पुढे झाला, कोणी सांगितलं नव्हतं. आजोबांनी पक्षी बसवला, किंचित डावीकडे कललेला, आणि थंड होईस्तोवर तळव्याने दाबून धरला. मग पुन्हा मुलाचा खांदा धरला आणि दोघं फाटकाबाहेर गेले.

गुन्हा उघडकीला आणणं मला येत होतं. तक्रार ऐकणं येत नव्हतं, ते या प्रकरणाने शिकवलं. समोरच्याला काय दिसलं, हेच मी वर्षानुवर्षं विचारत आलो. त्याला काय कळलं, हे त्यानंतर विचारायला लागलो. त्या गाडीच्या मात्र ते कामी आलं नाही.

बॉनेट बेवारस माल म्हणून माझी बदली होईपर्यंत आवारातच होतं. दुपारी ऊन चढलं की वास सुटायचा. एकदा नव्याने आलेल्या शिपायाने विचारलं, "साहेब, हा वास कसला?"

"तक्रारीचा," मी म्हणालो. तो हसला. मी त्याला हसू दिलं, आणि मग बसवून सगळं सांगितलं.